परसातील निखारे

ज्या घरात आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा-लसूणदेखील उंबरठ्याच्या आत येत नाही, त्या घरातील एका वयस्क गृहिणीने कोंबडीच्या शिगा भाजण्याविषयी लेख लिहावा, हे पुष्कळ वाचकांस विपरीत वाटेल. मला स्वतःला मांसाची चव ठाऊक नाही, आणि या वयात ती करून घेण्याची इच्छाही नाही. तथापि गेल्या पौषात आमच्या सोलापूरच्या घरी, परसात, हा प्रकार झाला. तो माझ्या हातच्या मसाल्याने झाला. आणि तो व्हावा की न व्हावा याविषयी घरात पंधरा दिवस जो खल चालला, तसा खल अनेक घरांत आज ना उद्या व्हावयाचा आहे असे वाटते, म्हणून हे लिहिते.

माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा नोकरीनिमित्त तीन वर्षे पेरू देशाची राजधानी लिमा येथे होता. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हे शहर. तेथून तो परत आला तो दोन गोष्टींचे वेड घेऊनच: एक तेथले बटाटे आणि दुसरे ‘आंतिकूचो’. दिवेलागण झाली की लिमाच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर बायका शेगड्या मांडून बसतात, मिरचीच्या वाटणात मुरलेले मांसाचे तुकडे काड्यांवर ओवून निखाऱ्यांवर भाजतात, आणि काडीच्या टोकाशी एक उकडलेला बटाटा टोचून गिऱ्हाइकाच्या हाती देतात. त्यास आंतिकूचो म्हणावयाचे. नाव तेथील मूळ रहिवाशांच्या केचुआ भाषेतून आलेले. ऑक्टोबरात तेथे ख्रिस्ताच्या एका जुन्या चित्राची फार मोठी मिरवणूक निघते. त्या दिवसांत या शेगड्यांचा धूर वाटेवर जागोजाग असतो, असे तो सांगे. आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची त्याला तेथे आठवण येई.

मूळचा पदार्थ गुरांच्या हृदयाचा. हे ऐकताच माझ्या थोरल्या जाऊबाई कानांवर हात ठेवून आत निघून गेल्या. पण त्या मागचा इतिहास ऐकून घेण्यासारखा आहे. स्पॅनिश लोकांनी तो देश जिंकल्यावर आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे तेथे गुलाम म्हणून राबविली. जनावराचे चांगले मांस मालकाच्या ताटात जाई आणि काळीज-आतडी गुलामांच्या वाट्यास येत. त्या टाकाऊ तुकड्यांना आफ्रिकी वंशाच्या बायकांनी व्हिनेगर, जिरे, लसूण आणि तिथली मिरची लावून असे काही रूप दिले की १८५४ साली पेरूतून गुलामगिरी गेली तरी त्यांची शेगडी विझली नाही, आणि पुढे मालकांची नातवंडेही तिच्यापाशी उभी राहू लागली. टंचाईतून जन्मलेल्या पदार्थांना एक नेटकेपणा असतो. आपल्या पिठल्याकडे पाहावे. आता तेथे कोंबडीचे आंतिकूचोही सर्रास होतात, आणि आमच्या पुतण्याच्या मनात तेच होते.

“काकू, एकदा घरी सगळ्यांना करून घालतो,” असे तो जेवणाच्या पंगतीतच बोलून गेला. कोणी काही बोलले नाही. वाढणाऱ्या सुनेच्या हातातील पळी मात्र थबकलेली मी पाहिली.

येथे एक गोष्ट उघड सांगितली पाहिजे. आमच्या घरची तरुण मंडळी बाहेर मांसाहार करतात. शनिवारी रात्री ‘मित्राकडे जेवण आहे’ म्हणून जातात, परत येताना बडीशेप चघळीत येतात, आणि गॅलरीत कपडे झटकतात. हे घरातील सर्वांस ठाऊक आहे आणि ठाऊक नसल्यासारखे वागण्याचे वळणही सर्वांस पडले आहे. त्यामुळे पुतण्याच्या शब्दांत नवे काही असेल तर ते कोंबडी नव्हे. ‘घरी’ हा शब्द नवा होता.

थोरले भाऊजी आयुष्यभर संस्कृत शिकविलेले गृहस्थ. त्यांनी तोडगा सुचविला: मोहोळकडच्या शेतावर आपण हुरड्याला जातोच, तेथे बांधापलीकडे काय करावयाचे ते करा, गल्लीत वास नको. वस्तुतः हा शहाणपणाचा मार्ग होता, आणि मीही मनातून त्यास अनुकूल होते. परंतु पुतण्याला वादाची हौस. “भाऊकाका, निखाऱ्यावर मांस भाजणे परक्यांचे कसे?” असे त्याने विचारले. भाऊजींचा स्वभाव असा की विरोध करावयाचा असला तरी शब्द ठाऊक असून दडवून ठेवणे त्यांस जमत नाही. “अमरकोशात शूल्य म्हणून शब्द आहे, भटित्र म्हणूनही आहे, शुळावर भाजलेले मांस,” असे ते बोलून गेले, आणि मग स्वतःवरच चिडून वर्तमानपत्र उघडून बसले.

दोन दिवसांनी पुतण्याने ‘मानसोल्लास’ काढला. हा ग्रंथ कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने सन ११२९ च्या सुमारास रचविला. हे कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण. सोलापुराहून पूर्वेस, उमरग्याच्या वाटेने, सव्वाशे किलोमीटरांच्या आतबाहेर. म्हणजे तो आमच्याच मुलखाचा राजा. त्याच्या ग्रंथात मराठीतील अगदी आरंभीच्या गीतांच्या ओळी सापडतात म्हणून भाषेचे अभ्यासक त्यास मान देतात. त्याच ग्रंथात राजाच्या अन्नोपभोगाचे सविस्तर वर्णन आहे, आणि त्यात मसाले लावून शुळावर भाजलेले मांस आहे, सुपारीएवढे तुकडे करून निखाऱ्यावर भाजलेले काळीज आहे. मिरची तेवढी नाही. कारण ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. तिखटपणाचे काम तोवर मिरी आणि मोहरी करीत.

“पाहा काकू, सव्वाशे किलोमीटरांवर, नऊशे वर्षांपूर्वी!” असे म्हणून तो विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहू लागला. मी त्यास पुढचे पान वाचावयास सांगितले. कारण त्याच सोमेश्वर महाराजांनी नदीकाठच्या शेतांतील काळे उंदीर कसे शिजवावे आणि शिगेला लावून कसे भाजावे, तेही सांगून ठेवले आहे. जुन्या ग्रंथात आहे एवढ्यावरून एखादी गोष्ट ताटात घ्यावयाची झाली तर मग निवड कोणी आणि कशी करावयाची? पुतण्या हसला, पण उत्तर काही त्याच्यापाशी नव्हते.

मला स्वतःला निराळाच विचार सुचत होता. एकादशीच्या आदल्या दिवशी मी फराळाचे सामान काढीत होते. साबुदाणा हा आपल्याकडे टॅपिओकाच्या कंदापासून करतात, आणि तो कंद मूळचा ब्राझीलकडचा. बटाटा पेरू आणि बोलिव्हियाच्या डोंगरांतला. लिमा येथे बटाट्याची आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्था १९७१ पासून आहे आणि तिच्या संग्रहात त्याच्या हजारो जाती राखलेल्या आहेत. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची, रताळे अमेरिकेचे, राजगिराही तिकडचाच. भगर सोडली तर आमच्या अत्यंत सोवळ्या दिवसाचे ताट म्हणजे दक्षिण अमेरिकेचे ताट! उलट या आंतिकूचोत आपल्या बाजूच्या जगातून गेलेले काय? जिरे आणि लसूण स्पॅनिश लोकांनी नेले. कोंबडी तर मूळची आपल्या पूर्वेकडील रानांतली. अर्थात तिकडचे जे ते आम्ही देवापुढे ठेवतो, आणि इकडून तिकडे गेले त्यालाच परके म्हणून नाक मुरडतो.

या विचाराची मला दिवसभर मौज वाटली. परंतु रात्री तो अपुरा वाटू लागला. पदार्थ कोठून आला हा एक प्रश्न आहे, आणि त्यासाठी जीव घ्यावा लागतो हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कितीही गमतीचे मिळाले तरी दुसऱ्याला त्याने ढका लागत नाही. बटाटा पेरूचा आहे म्हणून कोंबडीला जीव नाही असे होत नाही. माझे न खाणे त्या दुसऱ्या प्रश्नावर उभे आहे आणि ते तेथेच राहील. मात्र घरात जो विरोध होता तो बहुतांशी या प्रश्नावर नव्हता. तो वासावर होता, शेजाऱ्यांवर होता, भांड्यांवर होता.

निकाल दिला तो आमच्या वन्संनी. त्यांचे वय चौऱ्याऐंशी. ऐन तारुण्यात वैधव्य येऊन त्या माहेरी परतल्या, तेव्हापासून या घरचे सोवळे-ओवळे त्यांच्या धाकात आहे. त्यांच्यापुढे हा विषय काढावयास कोणी धजत नव्हते. परंतु भिंतींनाही कान असतात, आणि वन्संचे कान अद्याप उत्तम आहेत. एका सकाळी तुळशीला पाणी घालून त्या थेट सोप्यात आल्या आणि भाऊजींस म्हणाल्या, “शेतावर कशाला? त्याच्या बापाला पडवीत बसवला तेवढे पुरे झाले. आता पोराला बांधापलीकडे नाही बसवायचा. परसात भाजू दे.”

या बोलण्याचा संदर्भ नव्या सुनांस कळला नाही, मला कळला. माझे धाकटे दीर १९६६ साली, विशीत, क्षयाने आजारी होते. डॉक्टरांनी औषधांबरोबर अंडी आणि कोंबडीचे सार घ्यावयास सांगितले. त्या काळी ते पथ्यच मानले जाई. घरच्यांनी नकार दिला नाही. मागच्या पडवीत वातीचा स्टोव्ह मांडून दिला. एक पितळी ताट, एक वाटी आणि एक पेला निराळा काढून दिला. त्यांनी तेथेच शिजवावे, तेथेच जेवावे, स्वतः घासून ताट खुंटीला अडकवावे. दीड वर्षाने दुखणे गेले, अंडी सुटली. ताट मात्र घरात आले नाही. १९७१ साली त्यांनी नागपुरास बिऱ्हाड केले. मी १९७४ साली या घरात आले तेव्हा ते ताट खुंटीवरच होते, आणि दिवाळीस आले म्हणजे दीर कोणी न सांगता ते स्वतःच काढून घेत, पंगतीच्या शेवटास बसत. कधी त्यांनी शब्द काढला नाही. मुलाला घेऊन येत ते पाहुण्यासारखे दोन दिवस, आणि १९९८ साली गेले ते नागपुरासच.

ताट वाढणाऱ्यांत वन्सं होत्या. त्यांनी एवढी वर्षे हा विषय कोणाजवळ काढला असेल असे मला वाटत नाही.

त्यांच्या अटी चार होत्या. स्वयंपाकघरातील भांडे, पाटा किंवा सुरी वापरावयाची नाही. तुळशीकडची बाजू सोडून विहिरीच्या कठड्याशी चूल मांडावयाची. जो खाणार नाही त्याला कोणी आग्रह करावयाचा नाही, आणि जो खाईल त्याला कोणी बोलावयाचे नाही. ही शेवटची अट दोन अटींच्या तोडीची आहे.

मसाला मजकडे आला, कारण त्यात निषिद्ध असे काही नव्हते. पेरूत ‘आही पांका’ नावाची काळपट लाल मिरची वापरतात. रंग फार, तिखटपणा बेताचा, वासाला किंचित धुरकट. पुतण्याने आणलेले थोडे वाटण मी हुंगून पाहिले आणि बेडगी मिरची काढली; रंग अधिक व जहालपणा कमी, या गुणात ती तिची बहीण शोभेल. एक किलो मांसाला पंधरा बेडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजविल्या. दहा लसूणपाकळ्या, भाजलेले जिरे दोन चहाचे चमचे, मिरी एक चमचा, मीठ दोन चमचे, व्हिनेगर पाच मोठे चमचे आणि तेल तीन मोठे चमचे, असे सर्व गंधासारखे वाटले. लसूण असल्यामुळे त्यासाठी पाटाही निराळाच आणला होता. जो पदार्थ आपण चाखणार नाही त्याचे मीठ कसे ठरवावे, ही अडचण मी अशी सोडविली: वाटणाचा एक चमचा उकडलेल्या बटाट्याच्या चार फोडींस लावून तव्यावर परतल्या आणि खाऊन पाहिल्या. बटाट्याला जे जरा अधिक वाटते ते मांसाला पुरते, असे पुतण्याचे म्हणणे पडले आणि ते खरे ठरले.

मांसाला हात लावण्यापूर्वी यातील वाटीभर वाटण भाजताना वर लावण्यासाठी बाजूस काढून ठेवले. ही काळजी अवश्य घ्यावी. कच्च्या मांसाचा स्पर्श झालेले वाटण शिजलेल्या तुकड्यांवर लावू नये. तसेच कोंबडी नळाखाली धुण्याची आपल्याकडे फार चाल आहे, ती अन्नसुरक्षेचे जाणकार वर्ज्य सांगतात. शिंतोड्यांबरोबर रोगजंतू ओट्यावर पसरतात. ते भाजण्यानेच मरतात. मांडीचे बिनहाडाचे मांस घ्यावे, कारण छातीचे लवकर कोरडे होते. दीड-दीड इंचाचे तुकडे वाटणात चार तास फ्रीजमध्ये मुरू द्यावे. अधिक मुरविले म्हणजे अधिक चांगले, ही समजूत येथे चुकते. व्हिनेगराने मांस पिठूळ होते. बांबूच्या काड्या तासभर पाण्यात बुडवून ठेवाव्या, नाहीतर तुकड्यांआधी काडीच पेटते. लोणारी कोळसा पेटवून ज्वाळा पूर्ण बसू द्याव्या, निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की जाळी ठेवावी. जाळीवर वीतभर उंच तळहात धरून चार अंक मोजेपर्यंत सोसवले तर आच बरोबर. शिगा फिरवीत दहा-बारा मिनिटे भाजाव्या. तुकड्याच्या गाभ्याशी ७४ अंश सेल्सिअस उष्णता पोहोचली पाहिजे. पुतण्यापाशी त्यासाठी सुईसारखा तापमापक होता.

वाटण वर लावण्याचा कुंचला मात्र पाहण्याजोगा होता. लिमातील बायका मक्याच्या कणसाची पाने एका टोकाशी बांधून, दुसरे टोक चिरून त्याचा कुंचा करतात. पुतण्याने तसाच केला.

त्या रविवारी संध्याकाळी परसात दोन ठिकाणी विस्तव होता. विहिरीशी ही जाळी, आणि अलीकडे गोवऱ्यांची आगटी, कारण शेतावरून मालदांडीची कोवळी कणसे आली होती आणि हुरडा थांबत नाही. आगटीच्या राखेत वन्संसाठी बटाटे पुरले होते. त्या खुर्ची मांडून दोहोंच्या मध्ये बसल्या. भाऊजी प्रथम आतच होते; हुरडा चोळल्याचा वास आला तेव्हा बाहेर आले, आणि जाळीकडे पाठ करून बसले, पण बसले. नातवंडांना तर काय, डाव्या हातात हुरडा आणि उजव्या हातात शीग. पलीकडच्या घरच्या बाईंनी कुंपणावरून “आज काय बेत?” म्हणून विचारले. कोण काय सांगणार याकडे सर्वांचे कान लागले. वन्संनीच उत्तर दिले, “आमचा नागपूरचा पोरगा भाजतोय. मुलांना पाठवा.”

लिमाहून पूर्वेस, बोलिव्हियात, याच शिगांबरोबर शेंगदाणे वाटून केलेले तिखट कालवण देतात. हे ऐकले तेव्हा वन्संना प्रथमच त्या खंडाविषयी आदर वाटला. सोलापूरच्या घरात शेंगदाण्याची चटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटण्याचा अभिमान काय असतो, ते बाहेरच्यांना सांगून कळावयाचे नाही. त्यांनी आपल्या हाताने बिनलसणाची चटणी कुटून ठेवली होती. मी तीत कोमट पाणी आणि लिंबू घालून ती सैल केली. त्या वेळी पुतण्याने त्यांस सिपानची गोष्ट सांगितली. पेरूच्या उत्तर भागात १९८७ साली एका प्राचीन अधिपतीची थडगी उघडली गेली; सुमारे सतराशे वर्षांपूर्वीची. त्याच्या गळ्यात शेंगांचा हार होता: दहा शेंगा सोन्याच्या आणि दहा चांदीच्या, खऱ्या शेंगेवर असतात तशाच रेघा-खळगे काढलेल्या. पुतण्याने तो तेथल्या संग्रहालयात पाहिला होता, आणि त्याचे चित्र त्याने दाखविले. वन्संनी चष्मा लावून ते पुष्कळ वेळ पाहिले. “भुईतल्या शेंगेचा सोन्याचा हार! माणसे जाणती दिसतात,” एवढेच म्हणाल्या.

मग त्यांनी राखेतला बटाटा फोडून त्यावर कालवण घेतले आणि पुतण्याला जवळ बोलावून, भरल्या तोंडाने माणसाने उभे राहू नये, म्हणून आपल्या शेजारी पाट घ्यावयास सांगितला. तो हातातली शीग घेऊन तेथे बसला. त्याचे तुकडे एका बाजूस थोडे अधिक करपले होते. “तुझा बाप कणसेही अशीच करपवायचा,” वन्सं म्हणाल्या. त्याने वडिलांविषयी आणखी विचारले, आणि त्या सांगत राहिल्या. ती हकीकत त्या दोघांची आहे.

जाळी, काड्या आणि निराळा पाटा आता कोठीच्या बाहेरच्या फळीवर असतो. पुन्हा दोनदा परसात निखारे झाले. चैत्रात एकदा, आणि चातुर्मास लागण्यापूर्वी एकदा. दुसऱ्या वेळी भाऊजींनी तोंड फिरवून घेतले नाही. थोरल्या जाऊबाई अद्याप आतच थांबतात, आणि वन्संच्या अटीप्रमाणे त्यांस कोणी काही म्हणत नाही. मक्याच्या पानांचा कुंचा मात्र वन्संच्या मनात भरला आहे. कोवळी, स्वच्छ पाने निराळी मागवून त्यांनी स्वतःसाठी एक बांधून घेतला, आणि यंदाच्या होळीला पुरणपोळीवर तूप त्यानेच लावले.